‘शक्यता नगण्य’ म्हणजे नेमकी किती?

प्रति,
मा. संपादक

विषय : अणुवीज केंद्रातील स्टीम जनरेटरच्या नळ्यांचा गंज आणि त्यामागचे गणित

महोदय,

अणुऊर्जेबद्दल आपल्या वाचकपत्रांत चाललेला वाद आम्ही वाचतो आहोत. एक बाजू म्हणते, स्टीम जनरेटरची नळी फुटण्याची शक्यता नगण्य आहे. दुसरी म्हणते, शक्यता आहे ना, मग कधी तरी फुटणारच. आकडा दोघांनीही दिलेला नाही आणि तो काढतात कसा, हे कोणी विचारलेलेही नाही. वास्तविक हे गणित महाविद्यालयातल्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या सांख्यिकीपलीकडे फारसे जात नाही. ज्या जिल्ह्यात एनटीपीसीचे ६६० मेगावॉटचे दोन संच चालतात आणि साखर कारखान्यांची गणती बोटांवर मावत नाही, तिथल्या वाचकाला बॉयलरची नळी म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून जरा खोलात जाऊन लिहितो.

आपल्याकडच्या बॉयलरमध्ये नळीच्या आत पाणी आणि बाहेर आग असते. दाबयुक्त पाण्याच्या अणुकेंद्रातील स्टीम जनरेटरमध्ये दोन्हीकडे पाणीच असते. अणुभट्टीतून आलेले पाणी साधारण १५५ बार दाबाखाली, ३२० अंश सेल्सिअसच्या आसपास, न उकळता नळीच्या आतून जाते. नळीबाहेरचे पाणी ६० ते ७० बार दाबाला उकळते आणि त्याची वाफ टर्बाइनला मिळते. एका स्टीम जनरेटरमध्ये अशा यू आकाराच्या काही हजार नळ्या असतात. एक प्रचलित माप सांगायचे तर बाहेरचा व्यास २२.२ मिलिमीटर आणि भिंत १.२७ मिलिमीटर. अणुभट्टीतले किरणोत्सारी पाणी आणि टर्बाइनची वाफ यांच्यामध्ये एवढाच पडदा. त्याची जाडी वाढवली तर उष्णता नीट पलीकडे जात नाही, म्हणून ती पातळच ठेवावी लागते.

भारतात जड पाण्याच्या बहुतेक अणुभट्ट्यांत या नळ्या अलॉय ८०० या मिश्रधातूच्या आहेत, सुरुवातीच्या केंद्रांत त्या मोनेल या निकेल-तांब्याच्या मिश्रधातूच्या होत्या. कुडनकुळमचे रशियन बनावटीचे स्टीम जनरेटर आडवे आहेत आणि प्रत्येकात १६ मिलिमीटर व्यासाच्या, स्टेनलेस स्टीलच्या जवळपास अकरा हजार नळ्या आहेत. महाराष्ट्राला तर हा विषय जुनाच. तारापूरचे १९६९ मधले पहिले दोन संच उकळत्या पाण्याचे, म्हणजे अणुभट्टीतच वाफ होणारे, तरी मूळ रचनेत त्यांना दुय्यम स्टीम जनरेटर जोडलेले होते. त्यांच्या नळ्या गळू लागल्या, ते जनरेटर वापरातून काढावे लागले आणि १९८० च्या दशकात २१० मेगावॉटच्या संचांची क्षमता १६० मेगावॉटवर आणली गेली. अपघात झाला नाही, कोणी दगावले नाही. पण संचामागे ५० मेगावॉट कायमचे गेले. नळ्यांच्या गंजाची किंमत बहुतेक वेळा अशीच मोजावी लागते, हे वादातल्या दोन्ही बाजूंनी लक्षात घ्यावे.

आता गंजाबद्दल. जगभरच्या बऱ्याच जुन्या स्टीम जनरेटरमध्ये अलॉय ६०० हा निकेलचा मिश्रधातू वापरला गेला आणि त्याने जवळपास सगळे रोग दाखवले. १९७० च्या दशकात पाण्यात फॉस्फेट घालत, त्याने नळ्या बाहेरून झिजल्या. फॉस्फेट सोडून अमोनिया-हायड्रॅझिनवर आले, तर नळ्यांना आधार देणाऱ्या साध्या पोलादाच्या सपोर्ट प्लेटच्या भोकांत मॅग्नेटाइट हा लोखंडाचा ऑक्साइड वाढून नळ्या आवळल्या गेल्या, त्यांना पोचे आले. पुढे तडे आले. आतून ते ट्यूबशीटमध्ये, म्हणजे नळ्यांची टोके ज्या जाड प्लेटमध्ये असतात तिच्यात, नळी फुलवून बसवलेल्या जागी आणि लहान त्रिज्येच्या यू-वळणांवर, बाहेरून सपोर्ट प्लेटच्या फटीत आणि ट्यूबशीटवर साचलेल्या गाळाखाली. फटीतला प्रकार समजून घेण्यासारखा आहे. फीड वॉटरमध्ये क्लोराइड किंवा सोडियम अब्जांश भागांतच असते. पण फटीत पाणी उकळून वाफ निघून जाते आणि क्षार मागे राहतात. गाळामुळे ताजे पाणी आत पोचत नाही. त्या एवढ्याशा जागेत पाणी हजारो पटींनी दाट होते आणि कुठल्या क्षाराचे पारडे जड त्यानुसार ते आम्लधर्मी किंवा कॉस्टिक बनते. वाफेचे पुन्हा पाणी करणाऱ्या कंडेन्सरची एखादी नळी बारीकशी गळत असली की पुढचे काम ती फट करते.

तापमानाचा वाटाही मोठा. अलॉय ६०० मध्ये आतून येणाऱ्या तड्यांची सुरुवात ३२० अंशांच्या आसपास दर दहा अंशांना साधारण दुप्पट वेगाने होते. म्हणून एकाच यू-नळीचा गरम पाय, म्हणजे पाणी आत शिरते ती बाजू, तडकतो आणि थंड पाय वर्षानुवर्षे धडधाकट राहतो. नंतर आलेल्या अलॉय ६९० मध्ये क्रोमियम १६ टक्क्यांच्या जागी ३० टक्क्यांच्या घरात आहे आणि त्याचा अनुभव पुष्कळच चांगला आहे.

तर गणिताची पहिली पायरी : किती नळ्यांत तडा सुरू झाला असेल? यासाठी बहुधा वायबुल वितरण वापरतात. त्यात दोन आकडे लागतात. एक म्हणजे ज्या वर्षापर्यंत सुमारे ६३ टक्के नळ्या बाधित होतील ते ‘वैशिष्ट्यपूर्ण आयुष्य’, आणि दुसरा म्हणजे प्रमाण किती झपाट्याने वाढते ते सांगणारा घातांक. उदाहरणादाखल ४,००० नळ्या घेऊ, आयुष्य ४० वर्षे, घातांक ४. पाचव्या वर्षी अपेक्षित बाधित नळी एक. दहाव्या वर्षी १६. पंधराव्या वर्षी ७८. विसाव्या वर्षी २४२. दहा वर्षांत फक्त १६ नळ्या गेल्या, म्हणजे पुढच्या दहा वर्षांत आणखी १६ जातील, असा त्रैराशिकाचा हिशेब इथे सपशेल फसतो.

आणि खरी गोम त्या घातांकात आहे. दहाव्या वर्षी हातात १६ नळ्यांचीच माहिती असते. त्यावरून एक अभियंता घातांक ३ काढेल, दुसरा ५ काढेल. दोघांच्याही रेषा त्या १६ बिंदूंतून बऱ्यापैकी जातील. पण विसाव्या वर्षाचे भाकीत पहिल्याचे १२३ नळ्यांचे येते आणि दुसऱ्याचे ४७० चे. स्टीम जनरेटरमध्ये दहा टक्के नळ्या बंद करता येतील एवढीच सोय ठेवलेली असेल, तर पहिल्याच्या मते यंत्र आरामात चालेल आणि दुसऱ्याच्या मते त्याआधीच नवीन बसवावे लागेल. त्यामुळे एकच आकडा जो सांगतो त्याच्यावर आमचा विश्वास बसत नाही. आकड्याचा पल्ला सांगणाऱ्यावर बसतो. शिवाय गरम पाय, थंड पाय, आतल्या रांगांची अरुंद वळणे, गाळाखालचा भाग या सगळ्यांना एकाच वायबुल रेषेत कोंबणे ही ढोबळ चूक आहे आणि ती अजूनही होते. प्रत्येक जागेचा, प्रत्येक प्रकारच्या गंजाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

दुसरी पायरी आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाची आणि चर्चेत सगळ्यांत दुर्लक्षित : तपासणीत किती सुटले? इंधन बदलण्यासाठी अणुभट्टी थांबते तेव्हा नळ्यांतून एडी करंटची, म्हणजे धातूत विद्युतप्रवाह निर्माण करून दोष शोधणारी, प्रोब फिरवतात. साधी बॉबिन प्रोब वेगाने जाते आणि नळीची पूर्ण लांबी पाहते. पण नळीच्या परिघाला समांतर जाणारे तडे आणि ट्यूबशीटजवळची गुंतागुंत तिला नीट दिसत नाही. तिथे फिरत्या कॉइलची किंवा अनेक कॉइल असलेली प्रोब लागते आणि वेळ बराच जास्त जातो. तडा दिसेल की नाही हे त्याच्या खोलीवर अवलंबून असते. भिंतीच्या २० टक्के खोलीचा तडा बहुधा निसटतो, ६० टक्क्यांचा बहुधा सापडतो. नळीवर पोचा असेल, तांब्याचा थर बसला असेल, वळणावर सिग्नलमध्ये खरखर असेल, तर खोल तडाही लपतो.

अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने १९९५ मध्ये सपोर्ट प्लेटजवळच्या बाहेरील तड्यांसाठी सिग्नलच्या व्होल्टेजवर आधारलेली पद्धत मान्य केली. तीत तडा सापडण्याची शक्यता सरसकट ०.६ धरायला सांगितली आहे. याचा अर्थ असा की तपासणीत ३० तडे सापडले तर प्रत्यक्षात ५० आहेत असे धरायचे, सापडलेल्या ३० नळ्यांना दोन्ही टोकांना बूच मारले तरी २० तडे आतच आहेत असे समजून पुढच्या कालावधीचा हिशेब मांडायचा. ‘सदोष नळ्या सर्व बंद केल्या’ हे प्रसिद्धिपत्रकातले वाक्य त्यामुळे अर्धेच असते. जे सापडले ते बंद केले, एवढेच त्यातून कळते.

न्यूयॉर्कजवळच्या इंडियन पॉइंट २ मध्ये १५ फेब्रुवारी २००० रोजी हेच घडले. आतून दुसऱ्या रांगेतल्या एका नळीच्या वळणावरचा तडा फुटला आणि मिनिटाला साडेपाचशे लिटरच्या घरात पाणी दुय्यम, म्हणजे नळीबाहेरच्या, बाजूला गेले. १९९७ च्या तपासणीतल्या नोंदी पुन्हा काढल्या तेव्हा त्या जागी सिग्नल होता, पण खरखरीत बुडालेला. त्या खरखरीमुळे सापडण्याची शक्यता किती घटली, हे हिशेबात धरलेले नव्हते. गंजाचा वेग, धातूची ताकद वगैरे सगळे काटेकोर मांडले आणि तपासणीचा हा आकडा उगाच चांगला धरला, तर बाकीच्या काटेकोरपणाला काही अर्थ राहत नाही.

तिसरी पायरी वाढीची. दोन तपासण्यांमधल्या फरकावरून तडा किंवा खड्डा किती वाढला ते काढतात. इथे नवख्यांना एक गोष्ट चक्रावते. बऱ्याच नळ्यांत दोष चक्क कमी झालेला दिसतो. गेल्या वेळी २४ टक्के, या वेळी २१. गंज काही भरून येत नाही. ही मोजमापातली चूक असते. समजा एका मोजमापाचे प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती साधारण किती विखुरतात ते, ५ टक्के आहे. मग दोन मोजमापांच्या फरकाचे विचलन ७ टक्क्यांच्या वर जाते, आणि त्याच फरकातून आपण सरासरी ४ टक्क्यांची वाढ शोधत असतो. काही जण उणे आकडे सरळ वगळतात, काही त्यांच्या जागी शून्य लिहितात. दोन्हीने सरासरी फुगते. योग्य रीत अशी की सगळे आकडे ठेवायचे आणि विचलनाच्या वर्गातून चुकीचा वाटा वजा करायचा. दिसणाऱ्या फरकांचे विचलन ८ असेल तर वर्ग ६४. दोन मोजमापांच्या चुकीचे ५० वजा जाता १४ उरतात. म्हणजे खऱ्या वाढीचे विचलन ३.७ च्या आसपास.

मात्र ही वजाबाकी तेव्हाच चालते जेव्हा चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतात. सगळ्या नळ्या एकाच प्रोबने, एकाच कॅलिब्रेशनवर, एकाच विश्लेषकाने पाहिल्या आणि त्याची नजर सगळीकडे पाच टक्के कमीच वाचत असेल, तर तीनशे नळ्यांची सरासरी काढूनही ती चूक जात नाही. ती शिस्तीत तीनशे वेळा लिहिली जाते.

आता सरासरी ४, विचलन ३.७ हे हातात आले. पुढे काय? सरासरीला नळी फुटत नाही, टोकाला फुटते. आणि टोकाचा अंदाज वितरणाच्या आकारावर ठरतो. समजा पुढच्या इंधन-कालावधीत एखाद्या तड्याची वाढ २० टक्क्यांहून जास्त होण्याची शक्यता हवी आहे. घंटेच्या आकाराचे नॉर्मल वितरण धरले तर ती लाखात एक येते. ३०० तड्यांमध्ये अपेक्षित संख्या ०.००३, म्हणजे काळजीचे कारण नाही. त्याच सरासरीचे आणि त्याच विचलनाचे, पण एका बाजूला लांब शेपूट असलेले गॅमा वितरण धरले तर शक्यता हजारात जवळपास पाच. ३०० तड्यांमध्ये एक ते दोन. फरक सुमारे पाचशे पटींचा, आणि मोजलेला एकही आकडा बदललेला नाही. गंजाच्या बाबतीत गॅमाच जास्त पटतो. वाढ उणे होत नाही, ती थोडीथोडी साठत जाते, आणि बहुतेक तडे सुस्त असताना मोजके भराभर पळतात. नॉर्मल वितरण हे संगणकात आधीच बसवलेले असते म्हणून वापरले जाते, याखेरीज त्याची इथे पात्रता नाही.

चौथी पायरी ताकदीची. उरलेली भिंत किती दाब सोसेल? चालू स्थितीत आत १५५ आणि बाहेर ६५ बार, फरक ९० बार. नियम असा की नळीने त्याच्या तिप्पट, म्हणजे २७० बार, न फुटता सोसला पाहिजे. शिवाय मुख्य वाफवाहिनी फुटून बाहेरचा दाब एकदम शून्यावर आला तर जो फरक पडेल त्याच्या १.४ पट. तडा किती खोल याइतकेच तो किती लांब याला इथे महत्त्व आहे. दोन-तीन मिलिमीटर लांबीचा तडा आरपार गेला तरी बहुधा नुसता गळतो. लांब तडा भिंत शिल्लक असतानाच फाटतो. अमेरिकी पद्धतीत भिंतीच्या ४० टक्के खोलीला नळी बंद करायचा नियम पूर्वीपासून आहे. तो ४० आला कुठून, ते असे पाहा. एखाद्या लांबीच्या दोषाला तिप्पट दाब सोसण्याची मर्यादा समजा ६५ टक्क्यांवर येते. मोजमापाने ३८ सांगितले म्हणून नळी चालू ठेवली, पण मोजताना ८ टक्के कमी वाचले गेले होते आणि वरचा दुर्मीळ २० टक्क्यांचा पळपुटा तडा नेमका तोच निघाला. बेरीज ६६. नळी फुटली नाही, चालू दाबाला फुटणारही नाही, पण कसोटीवर ती नापास झाली. १.२७ मिलिमीटरच्या भिंतीत एक टक्का म्हणजे जेमतेम १३ मायक्रॉन, हे ध्यानात घेतले की या बेरजा-वजाबाक्या किती नाजूक आहेत ते कळते.

या चारही पायऱ्या एकत्र आणायचे काम माँटे कार्लो पद्धतीने होते. संगणक प्रत्येक तड्याला एक खरी खोली वाटतो, वाढ वाटतो, धातूची ताकद वाटतो, फुटण्याच्या सूत्रातली अनिश्चितता वाटतो, आणि वर्षअखेर कोणी मर्यादा ओलांडली का ते पाहतो. पुन्हा पहिल्यापासून. असे लाखभर वेळा. वर सांगितलेल्या १९९५ च्या पद्धतीत वाफवाहिनी फुटली असे धरून नळी फुटण्याची शक्यता शंभरात एकपर्यंत आली की नियामकाला कळवावे लागते. शंभरात एक मोजायला दहा हजार फेऱ्या पुरतात. शंभरेक घटना दिसतात आणि आकड्यातली चूक दहा टक्क्यांच्या आसपास राहते. पण दहा हजारात एकची शक्यता दहा हजार फेऱ्यांत मोजली, तर एखादी घटना दिसेल, नाही तर एकही दिसणार नाही. अशा वेळी ‘शून्य’ असे छापून येणारे अहवाल असतात. त्या शून्यात फेऱ्यांची काटकसर असते.

आणि गणितात जे घातलेच नाही ते गणितातून बाहेर येत नाही. कॅलिफोर्नियातल्या सॅन ओनोफ्रे केंद्रात गंजाला दाद न देणाऱ्या अलॉय ६९० चे कोरे करकरीत स्टीम जनरेटर बसवले होते. ३१ जानेवारी २०१२ रोजी तिसऱ्या संचात नळी गळली. कारण गंज नव्हताच; वळणाच्या भागात वाफेच्या वेगाने नळ्या थरथरून एकमेकींवर घासत होत्या. संकल्पनेच्या वेळी तो वेग कमी धरला गेला होता. २०१३ मध्ये ते केंद्र कायमचे बंद करण्याचा निर्णय झाला. न्यूयॉर्क राज्यातल्या गिना केंद्रात १९८२ मध्ये दुरुस्तीनंतर आत राहून गेलेल्या धातूच्या तुकड्याने नळ्या ठोकरल्या. त्यांतल्या बूच मारून बंद केलेल्या काही नळ्या तुटून शेजारच्या चालू नळ्यांवर घासल्या. बूच मारले की ती नळी विसरायची, हा समज तिथे महाग पडला. आता धोक्याच्या जागी बंद नळीत आधाराची सळई घालतात. असल्या गोष्टी वायबुलच्या घातांकात मावत नाहीत. त्यांच्यासाठी गळतीवर चोवीस तास नजर हाच उपाय. अमेरिकेत एका स्टीम जनरेटरमागे दिवसाला १५० गॅलन, म्हणजे सुमारे ५७० लिटर गळतीला अणुभट्टी थांबवावी लागते. प्रत्यक्षात केंद्रे त्याच्या कितीतरी आधी हलतात. आपल्या जड पाण्याच्या संचांत तर गळलेल्या पाण्याचा प्रत्येक लिटर महागाचा, त्यामुळे दुय्यम पाण्यात ट्रिशियम हा किरणोत्सारी हायड्रोजन किंवा जड पाणी दिसले की धावपळ सुरू होतेच.

तेव्हा जैतापूर असो वा कुठलाही नवा प्रकल्प, जाहीर सुनावणीत ‘शक्यता किती’ असे विचारून थांबू नये. मागच्या तपासणीनंतर या वेळी किती दोष निघतील असे भाकीत केले होते आणि प्रत्यक्षात किती निघाले, हे विचारावे. नवीन प्रकल्पाकडे ते नसणार; मग तशाच यंत्रांचे दुसरीकडचे विचारावे. भाकीत २५ चे आणि निघाले ४० असतील, तर तपासणीचा आकडा किंवा वाढीचा वेग, दोहोंपैकी एक चुकला आहे आणि पुढच्या कालावधीआधी तो सुधारला पाहिजे. ही तुलना समोर ठेवणाऱ्याच्या ‘नगण्य’ला वजन आहे. न ठेवणाऱ्याचे नगण्य आणि विरोधकांचे ‘फुटणारच’ आमच्या लेखी सारखेच.

हे सगळे अणुकेंद्रापुरते नाही, म्हणूनच सोलापुरातून लिहितो आहोत. जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांचे सहवीजनिर्मितीचे बॉयलर ८७ किंवा ११० किलो दाबाचे आहेत. गळीत हंगाम संपला की डी-मीटर या ध्वनिलहरींच्या यंत्राने नळ्यांची जाडी घेतात आणि अहवालात लिहितात, ‘सरासरी ३.८, किमान ३.२, समाधानकारक’. कुठल्या नळीची कुठल्या उंचीवरची जाडी, ते नाही. पुढच्या वर्षी दुसरी एजन्सी, दुसऱ्या जागा. झिजेचा वेग काढायचा कशातून? बाष्पके निरीक्षकांसमोर हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, पास झाली म्हणजे नळी त्या दिवशी धड होती; फेब्रुवारीत ती कशी असेल हे त्या दाखल्यावर लिहिलेले नसते.

टोकाचा अंदाज इथेही बांधता येतो. भट्टीच्या भिंतीचे समजा ४०० सारखे भाग पाडले आणि त्यांतले २० तपासले. प्रत्येक भागातली सर्वांत जास्त झीज लिहिली. त्या वीस आकड्यांची सरासरी ०.६० मिलिमीटर आणि विचलन ०.१५. टोकाच्या किमतींसाठीचे गम्बेल वितरण वापरले तर वीस भागांत सर्वांत वाईट जागा ०.९ च्या आसपास दिसते, पण न तपासलेल्यांसह ४०० भागांत ती १.२ मिलिमीटरच्या पुढे अपेक्षित आहे. मूळ ४.०६ ची नळी तिथे २.८ उरली आहे आणि कोणी पाहिलेली नाही. कागद, पेन्सिल आणि साधा कॅल्क्युलेटर एवढ्यावर हे अर्ध्या तासात होते. इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना याहून चांगला प्रकल्प आणि जवळची प्रयोगशाळा मिळणार नाही.

फटीत क्षार दाटण्याचे आपल्याकडचे भावंड म्हणजे कंडेन्सेटमधून, म्हणजे वाफेपासून परत मिळणाऱ्या पाण्यातून, येणारी साखर. बाष्पीभवन पात्राची नळी गळली की रस कंडेन्सेटमध्ये उतरतो, बॉयलरच्या तापमानाला साखर मोडून आम्ले बनतात, पाण्याचा पीएच कोसळतो. पाण्यातली साखर ओळखणारी अल्फा-नॅप्थॉलची चाचणी प्रत्येक पाळीत होते. पण जांभळे कडे दिसल्यावर ते पाणी किती मिनिटांत बाजूला वळवले, याची नोंद बहुतेक ठिकाणी नसते. गंजाच्या हिशेबात तीच वेळ हवी असते. तसेच बंद हंगामाचे. बॉयलर अर्धवट पाण्याने भरून सोडला की पाण्याच्या रेषेवर ऑक्सिजनमुळे खड्डे पडतात. पूर्ण भरून हायड्रॅझिन-अमोनियासह ठेवावा किंवा पूर्ण कोरडा करून आत सिलिका जेल किंवा चुनकळी ठेवावी. अधलेमधले काही नको. आणि यंदा कोणत्या पद्धतीने ठेवला होता, तेही जाडीच्या नोंदवहीत लिहावे, कारण हंगामातली झीज आणि बंद काळातले खड्डे यांचे वेग वेगळे असतात. एकत्र केले तर दोन्ही चुकतात.

येत्या बॉयलर प्रदीपनाआधी कारखान्यांनी एवढे जरी केले तरी तीन हंगामांत त्यांच्याकडे हिशेबाजोगी माहिती जमेल. नोंदवहीत नळीचा क्रमांक, ड्रमपासूनची उंची, आगीची बाजू की मागची, मोजलेली जाडी, मीटरचा क्रमांक, कॅलिब्रेशनच्या पायऱ्यांच्या ठोकळ्यावरचे वाचन आणि मोजणाऱ्याचे नाव असे रकाने असावेत. मोजायची जागा घासून स्वच्छ करावी आणि उष्णतेला टिकणाऱ्या रंगाने खूण करावी, म्हणजे पुढच्या वर्षी प्रोब तिथेच टेकेल. त्यांतली तीस ठिकाणे निवडून त्याच दिवशी दुसऱ्या तंत्रज्ञाकडून पुन्हा मोजून घ्यावीत. दोघांच्या फरकांचे प्रमाण विचलन काढून त्याला १.४१ ने भागले की एका मोजमापाची चूक हाती येते. फक्त दुसऱ्याला पहिल्याचे आकडे आधी दाखवू नयेत; दाखवले तर चूक कागदावर शून्य येते.

आपले,
बॉयलर व नळी-तपासणी क्षेत्रातील काही अभियंते,
सोलापूर